ओट्याखालचा वाद

पेणमध्ये नवी इमारत उभी राहिली की बिल्डर स्वयंपाकघर म्हणून बहुतेक वेळा एक ओटा देतो. वर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या, एका टोकाला सिंक आणि भिंतीवर थोड्या टाइल्स. ओट्याखालच्या काळोख्या खणांत काय बसवायचं, स्टीलच्या ट्रॉल्या की प्लायची कपाटं, कुणाकडून आणि किती पैशांत, हे ज्याचं त्याने बघायचं. माझ्या आतेबहिणीने, आमच्या ताईने, बघितलं आणि ठरवलं की कुणाकडूनच नको, आपणच करायचं. ओट्याखालची कपाटं, ओट्यावरची कपाटं आणि आतल्या खोलीतलं कपड्यांचं भिंतभर कपाटसुद्धा. ताई शाळेत गणित शिकवते. करवत तिने तोवर हातात धरली नव्हती.

तिचे मामा म्हणजे माझे बाबा. त्यांनी रोह्यात जन्मभर सुतारकाम केलं. आधी चौकटी, दारं, पाट, चौरंग. नंतरची वर्षं प्लायची कपाटं. आता काम थांबलंय, पण पटाश्यांना धार लावून ठेवायची सवय गेलेली नाही. मी त्यांचा मुलगा, धाटावच्या एका कारखान्यात पाळीने जातो आणि रंधा मला धड धरता येत नाही. तेव्हा या वादात एक शिकायला निघालेली, दुसरे शिकवायला घरात कुणी न मिळालेले, आणि मी मधला. वैशाखात सुरू झालेला हा वाद थोडा रोह्याच्या पडवीत झाला, थोडा पेणच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आणि उरलेला फोनवर. इथे तो सलग मांडलाय. मध्येमध्ये मी नाक खुपसलंय, ते चालवून घ्यावं.

बाबा : हौस आहे, चांगलं आहे. पण सुरुवात पाटापासून कर. मग एखादं स्टूल. एकदम अख्खं स्वयंपाकघर?

ताई : मामा, पाट अवघड असतो. अखंड लाकूड घ्यायचं, रंधून सपाट करायचं, खालच्या पट्ट्या खाचेत बसवायच्या. ते मला येणार नाही. कपाट म्हणजे खोका. दोन बाजू, तळ, पाठ आणि वर दोन पट्ट्या. प्लाय कारखान्यातूनच सपाट येतो. तो काटकोनात कापायचा आणि स्क्रूने जोडायचा.

बाबा : खोका काय, तुझ्या शाळेतली पोरंही करतील.

ताई : मग झालं तर!

बाबा : काय झालं? खोका भिंतीला नेऊन लावलास की सुतारकाम सुरू होतं. तोवर नुसती पेटी.

पाटाबद्दलचं ताईचं म्हणणं मला पटलं. लहान वस्तू सोपी, असं आपण धरून चालतो. पण अखंड लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि रेषांच्या दिशेने मात्र जवळजवळ हलतच नाही. दाराच्या चौकटीतली फळी खाचेत सैल ठेवायची, तिला चिकटवायचं नाही, असल्या जुन्या रीती या हालचालीसाठीच आहेत. प्लायमध्ये एक पापुद्रा उभा, दुसरा आडवा असे चिकटवलेले असतात. एकाची ओढ दुसरा अडवतो. सुताराच्या विद्येतला एक मोठा तुकडा असा कारखान्यात गेला, आणि ताईसारखीला दार उघडलं ते त्यामुळेच. तो कारखानाही आता जंगलाजवळ राहिलेला नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला. ईशान्येकडचे प्लायचे कितीतरी कारखाने थंडावले आणि धंदा शेताच्या बांधावरच्या पॉप्लर-निलगिरीवर चालणाऱ्या यमुनानगरसारख्या गावांकडे सरकला. आमच्या रोह्याच्या डोंगरांत साग आहे, पण पेणच्या ओट्याखाली हरियाणाचं शेत येतं. परसातला स्वतःच्या मालकीचा साग तोडायचा तरी १९६४च्या कायद्याने परवानगी काढावी लागते. बाबांचा या कायद्यावर राग नाही. पाऊणशे वर्षं जगलेलं झाड अर्जावाचून पडू नये, असं ते म्हणतात.

आता भिंत. बाबा पेणला आले ते गुण्या आणि पाण्याची पारदर्शक नळी घेऊन. लेसरची लेव्हल ताईने मागवली होती. बाबांनी ती कौतुकाने पाहिली आणि नळीत पाणी भरलं.

ताई : मी प्रत्येक खोक्याचे दोन्ही कर्ण मोजणार आहे. कर्ण सारखे आले की खोका काटकोनात. पायथागोरसवर माझा विश्वास आहे.

बाबा : माझाही आहे. खोका काटकोनात येईल. खोली नाहीये. हा कोपरा बघ. गुण्या लाव. टोकाला किती फट दिसते?

ताई : तीन सूत असेल.

बाबा : दोन फुटांत तीन सूत. आठ फुटांच्या भिंतीला किती होईल ते तू सांग, तुझा विषय आहे.

ताई : बारा सूत. दीड इंच.

बाबा : आता ओट्याखालचा हा खण. माप काय लिहिलंयस?

ताई : साडेसव्वीस इंच.

बाबा : कुठे घेतलंस?

ताई : वर.

बाबा : मध्ये घे. खाली घे. पुढे घे, मागे घे.

खाली सव्वीसला दोन सूत कमी भरलं. कडप्प्याची फरशी गवंड्याने डोळ्याच्या अंदाजाने उभी केलेली असते. शिवाय जमीनही सपाट नव्हती, मोरीकडे उतरत होती. ती उतरायलाच हवी, नाहीतर पाणी वाहणार कसं? गवंड्याचं बरोबर असतं तेच सुताराला आडवं येतं.

ताई : म्हणजे सगळ्यांत लहान माप धरायचं.

बाबा : त्याहून दोन सूत कमी धरायचं. आणि फट राहते तिथे पट्टी.

ताई : ती मला ठाऊक आहे. भिंतीकडच्या बाजूला दीड-दोन इंचांची पट्टी सोडायची, भिंतीचा वाकडेपणा पेन्सिलीने तिच्यावर उतरवून घ्यायचा आणि तेवढी घासायची. मी व्हिडिओत पाहिलंय.

बाबा : पाहिलंयस. पट्टी घासताना एक रंधा जास्त बसला की पट्टी वाया जाते, हेही दाखवतात का?

ताई : दाखवत नाहीत. पण पट्टी किती रुपयांची, मामा? दुसरी कापेन.

हा मुद्दा ताईचा. सुताराला वाया गेलेली पट्टी आणि गेलेला वेळ दोन्ही भावातून भरून काढावे लागतात, म्हणून त्याचा हात पहिल्या वेळेलाच बरोबर पडावा लागतो. घरच्या माणसाला ती घाई नाही. शनिवारी बिघडलं तर रविवारी परत. नवशिक्याजवळ कौशल्य नसतं, पण वेळ असतो, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच्या जागी दुसरं चालून जातं. सगळीकडे चालत नाही. आठ बाय चारच्या शीटमधून चोवीस इंच खोलीच्या दोन पट्ट्या निघतील, असा ताईने कागदावर हिशेब मांडला होता. करवतीचं पातं स्वतःच तीन-एक मिलिमीटर लाकूड खातं. दुसरी पट्टी चोवीस भरत नाही. तिथे कितीही वेळ दिला तरी भरणार नाही. मग कपाटाची खोली बावीस इंचांवर आली. ओटा थोडा पुढे आलेला राहिला, आणि ते बरंच झालं. ओट्यावरून ओघळणारं पाणी दारावर पडत नाही.

बाबा : बरं, प्लाय कुठला आणणार?

ताई : खोलीतल्या कपाटाला एमआर. ते आतल्या कोरड्या भिंतीला आहे. ओट्याखाली बीडब्ल्यूआर. सिंकखाली आयएस सातशे दहा.

बाबा : दुकानदाराने सांगितलं?

ताई : शिक्के पाहिले. आणि तुकडे उकळले.

बाबा : काय केलंस?

ताई : दुकानांतून नमुन्याचे तुकडे मागून आणले आणि जुन्या टोपात घालून उकळत ठेवले. एकाचे संध्याकाळपर्यंत पापुद्रे सुटले.

बाबा : उकडीचे मोदक ऐकले होते.

थट्टा सोडा, ताईची परीक्षा बरोबर होती. एमआर प्लायचे पापुद्रे युरिया फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवतात, आणि हा डिंक दमट हवेत हळूहळू हार मानतो. सिंकखालच्या प्लायला फिनॉलचा डिंक लागतो. आयएस ७१०च्या, म्हणजे मरिन प्लायचा तुकडा बहात्तर तास उकळूनही सुटू नये, अशी मानकाची अट आहे. घरचा टोप आणि गॅस एवढा वेळ कुणी देणार नाही, पण खोटा शिक्का ओळखायला एक संध्याकाळही पुरते.

बाबा : तुकडा उकळलास, शाबास. पण प्लाय पोटातून भिजत नाही, कडेतून भिजतो. स्क्रूच्या भोकातून, नळासाठी कापलेल्या खाचेतून. बाहेरून सनमायका चकचकीत आणि ओट्याखालची मागची कड उघडी, अशी कपाटं मी किती उचलून टाकलीत. कड दिसो वा न दिसो, पट्टी लाव नाहीतर रंग दे. तळ जमिनीला टेकवू नकोस, चार इंची पाय लाव. आणि सिंकखाली पाठ लावू नकोस.

ताई : पाठच नाही?

बाबा : नळाचा सांधा पाझरायला लागला की पाठीमागे महिनोन्‌महिने कळत नाही. उघडं असलं की तुला ओल दिसेल. सिंकची भिंत कुठल्या दिशेची आहे?

ताई : पश्चिमेची.

बाबा : मग आधी एक पाऊस बघायला हवा होतास.

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो येतो नैर्ऋत्येकडून, वाऱ्यासकट. नव्या इमारतीच्या पश्चिम-दक्षिण भिंती पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत कुठे पाझरतात, हे रंग वाळेपर्यंत बिल्डरलाही ठाऊक नसतं. पेणच्या सुताराला ते इमारतीकडे बघून थोडंफार कळतं. त्याने त्याच रांगेतल्या दुसऱ्या इमारतीत गेल्या साली फुगलेली शटरं काढलेली असतात. बाबांच्या ‘एक पाऊस बघ’चा अर्थ हाच होता. ताईला पटलं नाही. एक पावसाळा ओट्याखाली पडदे लावून काढायचा, हे सांगणं सोपं असतं, कारण सांगणारा त्या ओट्यावर स्वयंपाक करत नसतो.

आणि इथे तिने जो मुद्दा काढला त्याला बाबांकडे उत्तर नव्हतं.

ताई : मामा, तुम्ही इतकी स्वयंपाकघरं केलीत. माप घ्यायला गेलात की कुणाशी बोलायचात?

बाबा : घरमालकाशी.

ताई : म्हणजे नवऱ्याशी.

बाबा : पैसे तो द्यायचा.

ताई : वरच्या फळीला हात कुणाचा पुरायचा नाही? आईच्या स्वयंपाकघरातली वरची कपाटं तुम्हीच केलीत. तिला हयातभर स्टुलावर चढावं लागलं.

बाबा : तेव्हा कपाट छताला भिडवायची पद्धत होती.

ताई : पद्धत कुणाची? आणि आगोट कुठे भरायची ते कुठल्या सुताराने विचारलंय का?

रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवायच्या जिनसा म्हणजे आगोट. तांदूळ, वाल, मसाला, पापड, मिरगुंडं, आणि मासे खाणाऱ्या घरांत सुके बोंबील, जवळा, सुकट. वर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. दुकानात तयार मिळणाऱ्या मॉड्युलर स्वयंपाकघरात यांतल्या एकालाही जागा नसते. तिथे जागा असते ताटल्यांच्या जाळीला, बाटल्या ठेवायच्या अरुंद खेचणीला आणि चमच्यांच्या कप्प्याला. पांढरा कांदा बंद कपाटात कोंडला की सडतो, त्याला वारा लागतो. सुक्या मासळीलाही वारा लागतो, पण तिचा वास पापडांपर्यंत जाऊन चालत नाही. तांदळाचा पिंप फळीवर चढत नाही, तो खालीच राहतो आणि पुढे ओढता आला पाहिजे. जुन्या घरात याच्यासाठी माळा होता, शिंकाळं होतं, मांडणी होती, फडताळ होतं. फ्लॅटने ते सगळं काढून घेतलं आणि बदल्यात एकसारखे खण दिले.

ताई : माझा आराखडा बघा. खिडकीजवळच्या या उंच कपाटाला वर आणि खाली वाऱ्याच्या फटी. आत दांडी, दांडीला कांद्याच्या माळा. शेजारचा कप्पा मासळीचा, दोहोंत अख्खी फळी. पिंपाच्या खणाला तळच नाही, पिंप चाकाच्या पाटावर जमिनीवर. गॅसच्या सिलिंडरचा खण उभा, दाराला खाली जमिनीलगत जाळी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साठतो. शेगडी सिलिंडरपेक्षा वर आहेच.

बाबा : हे कुणी काढून दिलं?

ताई : मीच काढलं. मला माहितीय माझ्या घरात काय असतं ते.

बाबा बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, “सिलिंडरचं दार डावीकडे उघडू दे, नाहीतर रेग्युलेटरपाशी हात जाणार नाही.” त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

या जागी मला फ्रँकफर्टची आठवण झाली. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंनी तिथल्या कामगारवस्त्यांसाठी साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. आजच्या सगळ्या मॉड्युलर स्वयंपाकघरांचं मूळ तिथवर नेतात. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसवली गेली. जिनसांसाठी अॅल्युमिनियमचे खेचून काढायचे डबे होते, आणि पिठाचा कप्पा ओक लाकडाचा, पिठाला किडा लागू नये म्हणून. गंमत अशी, की ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. त्यांनी पावलं मोजली, हालचाली मोजल्या, आणि मोजून मिळतं तेवढं त्यांना मिळालं. किड्याचं त्यांना सुचलं याचं मला कौतुक वाटतं. पण फ्रँकफर्टचा किडा आणि पेणची सुकट एकाच आराखड्यात मावत नाहीत. ताईचं बलस्थान इथे होतं, आणि ते करवतीत नव्हतं.

व्हिडिओंचं मात्र बाबांनी वाजवी माप काढलं.

ताई : वरची कपाटं टांगायची म्हणजे भिंतीतली उभी लाकडी दांडी शोधायची आणि तिच्यात स्क्रू...

बाबा : कसली दांडी?

ताई : भिंतीच्या आतली. तिकडे असते.

बाबा : तिकडे म्हणजे अमेरिकेत. पेणमध्ये भिंतीत दांडी सापडली तर पोलिसांना बोलव.

बाबांनी ड्रिल मागून घेतलं आणि वरचं कपाट जिथे झाकणार होतं तिथे भोक पाडलं. आधी प्लास्टरची करडी भुकटी आली, मग पांढुरकी आणि मऊ.

बाबा : लाल आली असती तर वीट. ही हलक्या ब्लॉकची भिंत. हिच्यात साधी गिट्टी ठोकलीस तर आज घट्ट बसेल आणि डबे भरलेस की काही महिन्यांत सैल होईल. ब्लॉकसाठीची वेगळी लांब गिट्टी मिळते, ती घे. कपाटाच्या पाठीत वर एक आडवी जाड पट्टी, स्क्रू तिच्यातून. पातळ पाठीला टांगायचं नाही. खाली आधाराला दुसरी पट्टी. आणि नळाच्या नि स्विचबोर्डाच्या सरळ वर ड्रिल लावू नकोस. आत पाइप असतो, वायर असते.

ताईने हे सगळं लिहून घेतलं. व्हिडिओवाला खोटं सांगत नव्हता, तो त्याच्या भिंतीबद्दल सांगत होता.

कपड्यांच्या कपाटाबद्दल फारसा वाद झाला नाही. कोरडी भिंत, मोठे खोके, सरळ काम. बाबांनी एकच बजावलं. शटरला बाहेरून सनमायका लावून आतली बाजू कोरी ठेवू नकोस. एकाच अंगाने ताणलेलं शटर वाकतं, आणि सात फुटी शटर वाकलं की ते पुन्हा सरळ होत नाही. आतून पातळ का होईना, लायनर लाव. चार बिजागऱ्या कमीत कमी. आणि नव्या प्लायचा वास जाईपर्यंत, खिडक्या उघड्या टाकून, कपाट रिकामं ठेव.

ओट्याखालचा वाद मात्र पैशांवर गेला. तो तिथे जाणारच होता.

बाबा : तू वाचवणार किती? मजुरी. ती कुणाच्या घरात गेली असती?

ताई : पेणमध्ये सुतार मिळवून दाखवा, मामा. कंत्राटदार मिळतो. तो राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून पोरं आणतो. ती पोरं चांगली आहेत, पण एका कामावरून दुसऱ्या कामावर धावतात. बिजागरी सैल झाली की फोन लागत नाही. तुमच्यासारखा माणूस असता तर मी करवत घेतलीच नसती.

बाबा : माझ्यासारखा कुठून येणार? मला माझ्या बापाने शिकवलं. त्याला गावाने भात दिलं, नांगरासाठी, दारासाठी. मी रोखीने काम केलं. याला मी शिकवायला गेलो तर हा कंपनीत गेला.

‘हा’ म्हणजे मी. माझ्या बाजूने एवढंच, की पाळी संपली की माझी पाठ दुखत नाही, बाबांची दुखायची. सुतारांना सरकार आता पुन्हा बोलावतंय. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये भत्ता आहे. हत्यारं आमच्या पडवीत पडूनच आहेत. अडलंय ते दुसरीकडे.

ताई : आणि मामा, मी पैसे वाचवायला करत नाहीये. हत्यारांचा खर्च धरला तर फार वाचणारही नाहीत. मला कळलं पाहिजे. माझ्या शेजारणीचं स्वयंपाकघर वर्षात फुगलं. तिला कुणी एमआर लावून मरिनचे पैसे घेतले, आणि तिला ओळखता आलं नाही.

१९७४ साली एन्झो मारी नावाच्या इटालियन रचनाकाराने साध्या फळ्या नि खिळ्यांतून कुणालाही करता येईल अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे फक्त टपालखर्चात लोकांना पाठवले. स्वस्त टेबल मिळावं, एवढाच त्याचा हेतू नव्हता. ज्याने स्वतः एक टेबल केलं, त्याला दुसऱ्याचं टेबल पारखता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. ताईने मारीचं नाव ऐकलेलं नाही. बाबांनीही नाही, पण त्यांनी उत्तर दिलं ते मारीच्या अंगाने.

बाबा : ते खरंय. ज्याने एक कपाट स्वतः केलं, तो सुताराशी भावात घासाघीस करत नाही.

ताई : मग तुम्ही माझ्या बाजूचे झालात.

बाबा : नाही झालो. तुझ्या सासूबाई गणपतीच्या कारखान्यात जातात ना?

ताई : हो. लग्न होऊन पेणला आल्या तेव्हा त्यांनी ब्रश धरलेला नव्हता. इथल्या कितीतरी बायका तशाच शिकल्या. तेच तर मी म्हणते.

बाबा : काय करतात त्या?

ताई : आधी पॉलिश पेपर मारायच्या. मग अंगाचा रंग, पितांबर, आता दागिन्यांचं सोनेरी.

बाबा : डोळे?

ताई : नाही. आखणी ठरलेलेच लोक करतात.

बाबा : का?

ताई : डोळा चुकला तर मूर्ती जाते.

बाबा : मग तुझ्या कपाटाची आखणी कुठली, ते ठरव. बाकी सगळं कर. कापायचंच झालं तर त्या मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून कापू नकोस, तो उलटा अंगावर येतो. आमच्यातल्या किती जणांची बोटं गेलीत.

ताई : शीट मी पनवेलला मशीनवर कापून, कडा लावून आणणार आहे. घरी फक्त जोडणी.

बाबा : हे आधी सांगायचंस. मी इतके दिवस तुझ्या बोटांशी भांडतोय.

ताईने ठरवलं ते असं. कपड्यांचं कपाट पूर्ण तिचं. ओट्याखालचे खोके तिचे. भिंतीकडच्या पट्ट्याही तिच्याच, दोन-चार वाया गेल्या तरी. शटरं टांगायची, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या कपाची भोकं पाडायची, बिजागऱ्या बसवायच्या आणि सगळ्या फटी एका रेषेत आणायच्या, ते बाबांचं. अठरा मिलिमीटरच्या शटरमध्ये बाराएक मिलिमीटरचं भोक. हात थोडा जास्त दाबला गेला की पुढच्या सनमायकावर फोड उठतो आणि तयार शटर गेलं. मला विचाराल तर ही वाटणी तिने बाबांसाठी थोडी वाढवून ठेवली. भोकाची खोली राखणारा ठोकळा ड्रिलला लावता येतो, तिला ते ठाऊक होतं. मी गप्प बसलो. सिंकखालचा खण या पावसात उघडा राहणार, हे तिने न भांडता मान्य केलं.

ताई : पण मामा, मजुरी घ्यायची. स्क्वेअर फुटाच्या भावाने.

बाबा : भाचीकडून मजुरी?

ताई : आत्ताच तर म्हणालात, मजुरी कुणाच्या घरात गेली असती म्हणून.

बाबा : बघू. ते मासळीच्या कपाटाचं दार कसलं करत्येस?

ताई : फटींचं.

बाबा : फटींतून झुरळ जातं. जाळीचं कर. दुभत्याच्या कपाटाला असायचं तसं.

ताई : लोखंडी जाळी इथे टिकेल का? खाडीचा वारा. दोन वर्षांत गंजेल.

बाबा : पितळी लाव.

ताई : पितळी जाळी आता मिळते कुठे?

बाबा : माझ्याकडे माळ्यावर एक गुंडाळी आहे. जुनी, पण शाबूत.

ताई : द्याल?

बाबा : देईन की. स्क्वेअर फुटाच्या भावाने.